बूट स्वस्त असावेत, पण पायाला साजेसे!

मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांचे बूट झाले, की उरल्या पैशांत आपली चप्पल! तीच घालून पारशिवनीच्या पावसाळी वाटेवर फिरायला निघालात, तर पाय घसरणारच. गोल्फच्या बुटांना तळाशी खुंट्या असतात, त्या ओल्या गवतावर पाय रोवायला. आपल्याला तेवढा थाट नको. खोल खाचांचा रबरी तळ पुरे.

खरेदी संध्याकाळी करा. दिवसभराच्या कामाने पाय थोडे सुजलेले असतात. मोजे घालून दोन्ही बूट चढवा, चालून पाहा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच निसटत असेल, तर तो जोड नको. बूट बोटांपाशी वाकावा, मधोमध नव्हे. नक्षी-रंगापायी जास्त पैसे मोजू नका. आणि यंदा आधी स्वतःचा जोड घ्या, बरं का!