गरम पाण्याने कॉम्प्युटर थंड? हो, खरंच!

गेम खेळताना फोन तापला की आपण कव्हर काढतो, पंख्याखाली धरतो. आता विचार करा, हजारो प्रोसेसर एकाच हॉलमध्ये चोवीस तास चालू आहेत. त्यांना थंड ठेवायला मोठमोठे एसी लागतात आणि त्यांचं वीजबिल वेगळंच!

इथे पाणी कामाला येतं. तेवढ्याच हवेपेक्षा एक लिटर पाणी सुमारे ३,५०० पट जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून प्रोसेसरवर धातूची पोकळ पट्टी बसवतात आणि तिच्यातून पाणी खेळवतात. पाणी चिपला लागत नाही, फक्त तिची उष्णता घेऊन जातं.

आता खरी गंमत. जर्मनीत म्युनिकजवळ गार्खिंगला २०१२ मध्ये ‘सुपरएमयूसी’ हा सुपरकॉम्प्युटर सुरू झाला. त्यात सोडलेलं पाणीच ४० अंशांच्या आसपास असायचं! पण चिप त्याहून गरम असते, त्यामुळे उष्णता पाण्यात जातेच. तापलेलं पाणी बाहेरच्या हवेतच निवतं. ते गार करायला कंप्रेसर लागत नाही, म्हणजे वीज वाचली. हिवाळ्यात त्याच उष्णतेवर तिथल्या इमारतीही उबदार राहायच्या.

पुण्यात आयसरमधला ‘परम ब्रह्म’ सुद्धा लिक्विड कूलिंगवरच चालतो. आपल्याकडे खोल्या उबदार करायची गरज नाही. पण बाहेर ३० अंश असले, तरी ४५ अंशांचं पाणी त्या हवेत निवतंच की! म्हणून पाणी जितकं कोमट चालेल, तितकी वीज कमी लागेल.