ताटातलं लोह, रक्तातलं लोह

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण 53 टक्के होतं. महाराष्ट्रात ते 48 वरून 54 टक्क्यांवर गेलं. याच वर्षांमध्ये पालक खा, गूळ खा, खजूर खा, बीट खा हा सल्ला कानाकोपऱ्यात पोहोचला होता. सल्ल्यामागचा हेतू चांगला आहे, पण त्याची नजर ताटावरच थांबते. शंभर ग्रॅम पालकात जेमतेम तीन मिलिग्रॅम लोह असतं. जेवणानंतर तोंडात टाकलेल्या गुळाच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅम मिळालं तरी पुष्कळ. बिटाचा लाल रंग तर लोहाचा नव्हेच. तो वेगळ्याच रंगद्रव्याचा असतो आणि लोहाच्या बाबतीत बीट पालकाच्याही मागे आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तोंडात गेलेलं लोह आणि रक्तात पोहोचलेलं लोह यांच्यात फार मोठं अंतर असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांनी 2020 साली प्रौढ भारतीय स्त्रीसाठी रोज 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली, तेव्हा आपल्या आहारातलं अवघं आठ टक्के लोह शोषलं जातं असं गृहीत धरलं होतं. म्हणजे 29 मधलं सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह अंगी लागतं, बाकीचं शौचावाटे निघून जातं. रक्तक्षयाशी लढायचं तर आधी या आठ टक्क्यांकडे बघायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

हे शोषण इतकं कमी का, याचं पहिलं उत्तर 1930 च्या दशकात लंडनमध्ये मिळालं. रॉबर्ट मॅकान्स हे डॉक्टर आणि एल्सी विडोसन या रसायनशास्त्रज्ञ तिथे एकत्र काम करत होते. रक्तात तांबड्या पेशी वाजवीपेक्षा जास्त होण्याचा एक आजार आहे. त्या काळी त्यावर पेशी फोडणारं औषध देत. एवढ्या पेशी फुटल्या की त्यांतलं लोह मोकळं होणार आणि लघवी-शौचावाटे बाहेर पडणार, अशी साहजिक अपेक्षा होती. प्रत्यक्षात रुग्णांच्या उत्सर्जनात लोह फारसं वाढलंच नाही. शरीराने ते आत ठेवून घेतलं होतं. यावरून आणि पुढच्या मोजमापांवरून दोघांनी 1937 मध्ये मांडलं की जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही, त्यामुळे लोहाचं प्रमाण आतड्यातच, आत घेतानाच सांभाळावं लागतं. मीठ किंवा पाणी जास्त झालं तर मूत्रपिंड ते काढून टाकतं, लोहाचं तसं नाही. जास्तीचं लोह यकृत आणि हृदयाला इजा करतं, म्हणून शरीर मुळातच हात आखडून घेतं. आपल्या अंगात सारं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. 120 दिवसांचं आयुष्य संपलेल्या तांबड्या पेशी मोडून त्यातलंच वीस-पंचवीस मिलिग्रॅम रोज पुन्हा वापरलं जातं. बाहेरून लागतं ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम. पुरुषाला हे जमून जातं. स्त्रीच्या पाळीत मात्र दर महिन्याला रक्त जातं आणि एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. ते भरून काढायचं काम त्याच आखडत्या आतड्यावर पडतं.

हे काम मुख्यत्वे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या वीतभर भागात चालतं. भाकरी, डाळ, भाजी यांतलं लोह आधी जठरातल्या आम्लात विरघळावं लागतं. आम्ल कमी पडलं की इथेच अडतं, म्हणून ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये लोहाची कमतरता जास्त दिसते. विरघळलेलं लोह आतड्याच्या भिंतीवरच्या पेशीपाशी येतं, तिथे त्याचं रूप बदलतं आणि मगच ते पेशीत शिरतं. पेशीत शिरलं म्हणजे रक्तात गेलं असं मात्र नाही. पेशीच्या दुसऱ्या बाजूचं दार उघडायचं की नाही, हे यकृतात तयार होणारं हेप्सिडीन नावाचं संप्रेरक ठरवतं. त्याचा शोध 2000 सालाच्या सुमारास लागला. साठा भरलेला असला की हेप्सिडीन वाढतं, दार बंद होतं आणि अडकलेलं लोह घेऊन ती पेशी चार-पाच दिवसांत झडून जाते. अंगात जंतुसंसर्ग किंवा दाह असला तरीही हेप्सिडीन वाढतं. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाला कितीही चांगलं भरवलं तरी हिमोग्लोबिन का वाढत नाही, त्याचं एक कारण इथे सापडतं. स्वच्छ पाणी हासुद्धा रक्तक्षयावरचा इलाज आहे, असं मी म्हणतो ते म्हणूनच.

पेशीच्या दाराशी पोहोचण्याआधी आतड्याच्या पोकळीत काय घडतं, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं. मांस-मासळीतलं लोह रक्तद्रव्याच्या वेष्टणात येतं, त्यामुळे त्याचा बराच मोठा हिस्सा शोषला जातो. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह उघडं असतं, आणि वाटेत जे भेटेल त्याला ते चिकटतं. धान्याच्या कोंड्यात आणि डाळींच्या सालीत फायटिक आम्ल असतं. ते लोहाला असं धरून ठेवतं की आतड्याला ते सोडवता येत नाही. चहा-कॉफीतली तुरट द्रव्यंही हेच करतात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या संशोधकांनी 1983 साली मोजलेला परिणाम प्रत्येक घरात माहीत असावा असा आहे. जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण 39 टक्क्यांनी घटलं, चहा घेतल्यावर 64 टक्क्यांनी. कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर काहीच फरक पडला नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतली तेव्हा बरोबर घेतल्याइतकंच नुकसान झालं, कारण जेवण तेव्हाही पोटातच होतं. याच्या अगदी उलट काम क जीवनसत्त्व करतं. ते लोहाला विरघळलेल्या, शोषता येईल अशा रूपात ठेवतं आणि फायटिक आम्लाच्या तावडीतून सोडवतं. जेवणात लिंबू, आवळा, पेरू किंवा कच्चा टोमॅटो पुरेशा प्रमाणात असला तर शाकाहारी ताटातलं शोषण दुप्पट, कधी त्याहूनही जास्त होतं. क जीवनसत्त्व उष्णतेने नासतं, म्हणून लिंबू फोडणीत किंवा उकळत्या आमटीत टाकू नये. ते ताटात वाढल्यावर, वरण-भातावर आणि उसळीवर पिळावं. कडधान्य भिजवून मोड आणले किंवा नाचणीचं पीठ आंबवून आंबील केली की धान्यातलंच एक विकर फायटिक आम्ल तोडू लागतं. मटकीची उसळ आणि वर लिंबाची फोड ही आपल्याकडची जुनी जोडी रसायनशास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरते.

मग कोंड्यासकट भाकरी खाऊच नये का, असं कुणी विचारेल. तसा निष्कर्ष काढणं चूक ठरेल, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन केंद्राने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सोबतीने ‘धनशक्ती’ नावाचं जास्त लोहाचं बाजरीचं वाण आणलं. अशा जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी आणि शेव ग्रामीण महाराष्ट्रातल्या बारा ते सोळा वयाच्या शाळकरी मुलामुलींना सहा महिने खायला देऊन पाहिली आणि त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ज्यांच्यात लोहाची कमतरता होती, त्यांच्यात ती दूर होण्याची शक्यता साधी बाजरी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपटीहून जास्त निघाली. बाजरीत फायटिक आम्ल भरपूर असूनही हे घडलं. शोषणाचा टक्का कमी असला तरी धान्य रोज आणि पोटभर खाल्लं जातं, त्यामुळे थोडं थोडं लोह साचत जातं. शिवाय साठा रिकामा असला की आतडं स्वतःहून जास्त लोह घेतं. म्हणून भाकरी टाकू नका. तिच्याबरोबर काय येतं आणि तिच्या मागोमाग काय येतं, ते बदला.

शोषणाचाच प्रश्न गोळ्यांच्या बाबतीतही येतो. गरोदर स्त्रीला सरकारी योजनेतून मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं बरंचसं शोषलं जात नाही. तेच पुढे मोठ्या आतड्यात जातं, त्याने शौचाला काळं होतं, कुणाला बद्धकोष्ठ होतो, कुणाला मळमळतं. काळं शौच बघून घाबरून गोळ्या बंद करणाऱ्या स्त्रिया आशाताईंना नेहमी भेटतात. गोळी देताना एका वाक्यात हे सांगितलं तरी पुष्कळ गोळ्या वाया जायच्या वाचतील. झुरिकच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं की गोळीनंतर हेप्सिडीन वाढून पुढच्या दिवशीचं शोषण घटतं. लोहाचा साठा कमी झालेल्या स्त्रियांना एक दिवसाआड गोळी दिली तेव्हा सुमारे 22 टक्के लोह शोषलं गेलं, रोज दिली तेव्हा 16 टक्के. मात्र याचा आधार घेऊन गरोदर स्त्रीने स्वतःहून गोळी कमी करू नये. तिची गरज मोठी आणि मुदत थोडी असते, तिचा डोस डॉक्टरांनीच ठरवावा. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नये, हे मात्र सगळ्यांनाच लागू आहे, कारण कॅल्शियम लोहाच्या आड येतं.

यावर दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेनेच होत नाही. हे खरं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना परिसरातल्या सहा गावांमधल्या गरोदर स्त्रियांत सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी आढळलं. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकल सेलचा आजार आहे. काही कुटुंबांत थॅलेसेमियाचा वाहक गुण असतो आणि तिथे विनाकारण लोह घेणं घातक ठरू शकतं. म्हणून आधी तपासणी आणि मग उपचार, हा क्रम कधीच सोडू नये. पण यानेही माझा मुद्दा बळकटच होतो. बी-12 तर जठरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाशी जोडलं गेल्याशिवाय नीट शोषलंच जात नाही, आणि तेही लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात. म्हणजे तिथेही नुसतं ताट मोजून भागत नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचणारा आहे: जिला पोटभर जेवणच मिळत नाही, जी घरात सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खाते, तिला चहाची वेळ शिकवणं म्हणजे तिच्यावरच खापर फोडणं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ताटच रिकामं असेल तर शोषणाची चर्चा पोकळ आहे, तिथे रेशन, मजुरी आणि घरातला वाटा हेच प्रश्न आहेत. मात्र ज्या लाखो घरांत ताट बऱ्यापैकी भरलेलं असूनही हिमोग्लोबिन नऊ-दहाच्या वर जात नाही, तिथे हे ज्ञान फुकट आहे आणि आजपासून वापरता येतं. सरकारी पाककृतीही प्रथिनं आणि उष्मांक मोजून आखल्या जातात. शाळेतल्या आणि अंगणवाडीतल्या आहारात उसळीबरोबर लिंबाची फोड सक्तीची केली, तर त्याचा खर्च फार थोडा येईल आणि फायदा रक्तात दिसेल.

घरातल्या बायका-मुलींची हिमोग्लोबिनची तपासणी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्या. दुपारचा चहा जेवणाच्या तासभर आधी घ्या, नाहीतर निदान दोन तासांनी. आणि घरात लिंबू एकच असेल, तर ते शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात वाढा.