केस का पिकतात?

कालिदासाच्या 'रघुवंशा'त वृद्ध दशरथाच्या कानाशी एक पांढरा केस दिसू लागतो, आणि राज्यलक्ष्मी आता रामाच्या हाती सोपवावी, असे जणू वार्धक्यच त्या केसाच्या रूपाने राजाच्या कानात सांगते. दशरथाला हा निरोप योग्य वेळी आला, असे म्हणता येईल. परंतु तोच निरोप विशीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला आला, म्हणजे घरातील मंडळी धास्तावतात. लग्न कसे जमणार, या काळजीने नाना तेले आणि चूर्णे घरात येऊ लागतात. एका भावाचे केस तिशीतच पिकावेत आणि दुसऱ्याचे पन्नाशी उलटली तरी काळेभोर राहावेत, असे का व्हावे?

याचे उत्तर केसाच्या मुळाशी आहे. त्वचेबाहेर दिसणारा केस हा केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव तंतू होय. त्याला स्वतःचा रंग नसतो. त्वचेखाली तो घडत असताना मुळाशी असलेल्या रंगपेशी त्यात मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य भरतात. काळ्या केसात एका प्रकारचे मेलॅनिन अधिक असते, तांबूस केसात दुसऱ्या प्रकारचे. रंगपेशींचे काम थांबले, की केस बिनरंगी उगवतो आणि डोळ्यांना तो पांढरा दिसतो. "हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत," असे वडीलधारी माणसे म्हणतात, ते शास्त्राच्या दृष्टीनेही खरेच आहे. उन्हाने केसाचा रंग थोडाफार उडेल. पण केस पिकतो तो मुळाशीच.

डोक्यावरचा प्रत्येक केस साधारणपणे दोन ते सहा वर्षे वाढतो, काही महिने विसावतो आणि गळून पडतो. त्याच जागी नवा केस उगवतो. या प्रत्येक फेरीला नव्या रंगपेशी लागतात, आणि त्या मुळाजवळ राखून ठेवलेल्या मूळपेशींपासून तयार होतात. ही मूळपेशींची गंगाजळी फेरीगणिक आटत जाते. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी 2023 साली उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दाखवून दिली. काही मूळपेशी संपलेल्या नसतात. पण एकाच जागी अडकून पडल्यामुळे त्या रंगपेशी होऊ शकत नाहीत.

ही गंगाजळी किती काळ पुरावी, हे मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते. सर्वसाधारणपणे युरोपीय लोकांचे केस पस्तिशीच्या सुमारास, आशियाई लोकांचे चाळिशीच्या उंबरठ्यावर आणि आफ्रिकी लोकांचे पंचेचाळिशीच्या आसपास पिकू लागतात. म्हणूनच अकाली पिकण्याची मर्यादाही या तिन्ही समाजांत अनुक्रमे 20, 25 आणि 30 वर्षे अशी मानली जाते. 2016 साली लॅटिन अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत आय.आर.एफ. 4 या जनुकाचा केस पिकण्याशी संबंध आढळला. मात्र हा एकाच जनुकाचा खेळ नव्हे. भावाभावांच्या वाट्याला आईवडिलांची जनुके सारखीच येत नाहीत, आणि केसांतील फरकाचे मोठे कारण तेच.

काळजीने केस पिकतात काय? सुश्रुतसंहितेत क्रोध, शोक आणि श्रम यांना याचा दोष दिला आहे. 2020 साली हार्वर्ड विद्यापीठातील प्रयोगांत असे दिसले, की तीव्र ताणाने उंदरांच्या रंगपेशींचा साठा झपाट्याने संपतो. परंतु 1793 साली वधस्तंभावर गेलेल्या मारी आंत्वानेत या फ्रेंच राणीचे केस एका रात्रीत पांढरे झाले, ही आख्यायिका अक्षरशः खरी मानता येत नाही. जो केस एकदा उगवला, त्यातील रंग शरीर परत काढून घेऊ शकत नाही.

तरुणपणी केस पिकू लागले, तर तेलापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे श्रेयस्कर. बी-12 जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉईड ग्रंथीचा विकार हे त्यामागचे कारण असू शकते. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नैसर्गिकरीत्या जवळजवळ नसतेच. त्यामुळे दूधदुभतेही बेताचे असलेल्या शाकाहारी घरांत ही तपासणी विशेष अगत्याची ठरते. उणीव भरून निघाल्यावर काहींचा रंग परतही येतो. धूम्रपानाचाही अकाली पिकण्याशी संबंध आढळला आहे. पांढरा केस उपटल्याने दहा उगवतात, ही समजूत मात्र निराधार आहे. एका मुळातून उपटलेल्या केसाच्या जागी तसाच केस पुन्हा येतो, शेजारचे केस त्याने पिकत नाहीत. कलप लावणाऱ्यांनी तो आधी त्वचेच्या लहानशा भागावर लावून पाहावा, कारण काहींना त्याची ॲलर्जी होते.

तपासणीत कोणताही विकार आढळला नाही, तर पांढरा केस एवढेच सांगतो, की त्या मुळाशी रंगपेशींचे काम थांबले आहे. त्या तरुणाच्या आयुष्याविषयी किंवा कर्तृत्वाविषयी तो काहीच सांगत नाही, हे त्याच्या घरच्यांनी आधी ध्यानी घ्यावे.