दूरचा पक्षी, बेताचा खिसा

काही वर्षांपूर्वीची जानेवारीतली सकाळ. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ, आम्ही चौघं काठावर उभे होतो. समोर चिखलाच्या पट्ट्यावर पट्टकादंबांचा थवा उतरला होता. हा हंसाच्या कुळातला पक्षी. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव. मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून तो हिवाळ्यात आपल्याकडे येतो. थव्यातल्या एकाच्या गळ्यात काहीतरी रंगीत दिसलं आणि आमचे डोळे चमकले. मंगोलियात अभ्यासक या पक्ष्यांच्या गळ्यात अक्षर-आकड्यांचे पट्टे घालतात. तो क्रमांक वाचून कळवला, तर पक्षी कुठून निघाला आणि कुठे पोहोचला, हे समजतं.

मी ऐटीत माझा नवा स्पॉटिंग स्कोप काढला. दिवाळीच्या बोनसमधून घेतला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं : ३० ते १५० पट! दीडशे पटींवर डोळा लावला, तर आत नुसता राखाडी अंधार आणि त्यात थरथरणारा एक डाग. तीस पटींवर आणला तरी अक्षर लागेना. मग जे करू नये तेच केलं. चार पावलं पुढे गेलो, मग आणखी दहा. थवा उठला. हजारो मैल उडून आलेली ती पाखरं माझ्या पायी उठली आणि पट्ट्याचा क्रमांकही गेला.

मंडळी, त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा नीट विचार केला, की हे यंत्र नेमकं करतं काय? तो विचार विकत घेण्याआधी करायला हवा होता. बेताच्या पैशात स्कोप घेऊ पाहणाऱ्यांसाठी माझी ही महागात पडलेली शिकवणी आज फुकट वाटतो आहे.

पहिला प्रश्न : स्कोप हवाच आहे का? झाडीतले पक्षी, घराजवळची बाग, डोंगरातली वाट यांसाठी साधी दोन डोळ्यांची दुर्बीण पुरते, किंबहुना तीच बरी. तिच्यात आठ-दहा पट मोठं दिसतं, चित्र मात्र ऐसपैस असतं. स्कोप लागतो तो मोकळ्या पाण्यासाठी. उजनी, जायकवाडीचा नाथसागर, नाशिकजवळचं नांदूर मध्यमेश्वर, ठाण्याची खाडी अशा जागी पक्षी तीनशे-चारशे मीटरवर बसतात आणि जवळ जायला वाट नसते. तेव्हा जवळ दुर्बीण नसेल तर आधी ती घ्या. स्कोपचा नंबर दुसरा.

आता ते आकडे. स्कोपवर '२०-६० × ६०' असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसेल. २० पट म्हणजे चारशे मीटरवरचा पक्षी वीस मीटरवर असल्यासारखा. शेवटचा आकडा पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार पहिले आकडे मोठ्यानं सांगतो. आपण शेवटचा ऐकायचा.

कारण प्रकाश आत येतो तो त्या पुढच्या भिंगातून. व्यासाला पटींनी भागलं, की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ६० चं भिंग २० पटींवर ३ मिलिमीटरचा झोत देतं. दिवसाउजेडी आपल्या डोळ्याची बाहुलीही साधारण दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, म्हणून चित्र लख्ख दिसतं. तोच स्कोप ६० पटींवर नेला, की झोत १ मिलिमीटरचा उरतो आणि चित्र मंद होतं. माझ्या यंत्राचं भिंग ५० चं होतं. त्याला दीडशेनं भागा, मिलिमीटरचा तिसरा हिस्सा! तिथे अंधार दिसला यात नवल ते काय?

यातून एक सोपा ठोकताळा मी बांधला आहे. भिंगाच्या व्यासाच्या निम्मे करा, साधारण तेवढ्याच पटींपर्यंत चित्र सुखानं बघता येतं. ६० च्या भिंगाला तीस पट, ८० च्या भिंगाला चाळीस. त्यापुढच्या पटी कधीमधी कामाला येतात, पण त्यांच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. त्यातून आपलं ऊन! सकाळी नऊ-दहानंतर पाण्यावरची, चिखलावरची हवा तापून हलू लागते. मग कितीही महागडा स्कोप असला तरी मोठ्या पटींवर पक्षी उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. तो दोष भिंगाचा नव्हे, हवेचा. त्यावर उपाय एकच, पहाटे उठणं. त्याला पैसे पडत नाहीत.

मग ६० घ्यावा की ८०? ८० चं भिंग ६० च्या मानानं पावणेदोन पट प्रकाश गोळा करतं, हे खरं. पण ते वजनदार असतं, त्याला तिवईही दणकट लागते आणि किंमत चढते. युरोपातल्या नामवंत कंपन्यांचे स्कोप लाखांच्या घरात जातात. ते आपण लांबून नमस्कार करून सोडून देऊ. बेताच्या पैशात ८० चं सुमार भिंग घेण्यापेक्षा ६० किंवा ६५ चं चांगलं भिंग घ्यावं, असं माझं मत आहे. 'चांगलं' म्हणजे काय? भिंगांच्या सर्व पृष्ठांवर परावर्तन कमी करणारे अनेक थर दिलेले असावेत; त्याला 'फुली मल्टिकोटेड' म्हणतात. जमलं तर 'ईडी' काच घ्यावी. साध्या काचेत पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते, ती या काचेत बरीच कमी होते. तिसरी गोष्ट, आत नायट्रोजन भरून बंद केलेला, पाणी न शिरणारा स्कोप असावा. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, भिंगाला आतून बुरशी धरते आणि एकदा धरली की ती काढणं घरच्या घरी होत नाही.

चष्मा असणाऱ्यांनी आणखी एक आकडा विचारावा. नेत्रभिंगापासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, त्याला 'आय रिलीफ' म्हणतात. तो १५ मिलिमीटरच्या पुढे असला, की बहुधा चष्मा न काढता पाहता येतं. कमी असेल तर भोकातून बघितल्यासारखं वाटतं.

स्कोप दोन घाटांचे मिळतात. एक सरळ, दुसरा ४५ अंशांत वर वाकलेल्या नेत्रभिंगाचा. सरळ स्कोपमध्ये पक्षी चटकन सापडतो. वाकलेल्याचा सराव व्हायला आठवडा लागतो, पण तिवई खाली ठेवता येते, म्हणून वाऱ्यात तो स्थिर राहतो. शिवाय उंच मामा आणि शाळकरी भाची दोघांनाही तिवई न हलवता पाहता येतं. आम्ही चारचौघांत बघणारे, म्हणून माझा कौल वाकलेल्याला.

आता तिवई. माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली. सगळे पैसे स्कोपवर घालवून वर मी फुकट मिळालेली, टेबलावर ठेवायची वीतभर तिवई वापरत होतो. ध्यानात घ्या, स्कोप पक्षी तीस पट मोठा करतो तसा हातचा कापही तीस पट मोठा करतो. म्हणून माझा हिशेब असा : दहा रुपये असतील तर सात स्कोपला, तीन तिवईला. तिवईचा मधला दांडा शक्यतो वर काढू नका, पाय रुंद पसरा, वारा असेल तर खाली पाण्याची पिशवी लटकवा. चांगल्या तिवईवरचा साधा स्कोप डुगडुगत्या तिवईवरच्या भारी स्कोपपेक्षा जास्त दाखवतो.

दुकानात गेलात तर काउंटरवरून समोरच्या भिंतीकडे बघून खरेदी करू नका. दारात या. रस्त्यापलीकडच्या पाटीवरची बारीक अक्षरं आधी मधोमध, मग कडेला आणून वाचा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर अँटेना किंवा विजेची तार बघा, रंगीत किनार तिथे लगेच पकडली जाते. सर्वांत मोठ्या पटीवर जाऊन पाटी अजून वाचता येते का, ते पाहा. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नका. क्षणात डोळा जाईल. जुना स्कोप घेत असाल तर पुढून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा सोडून द्या. आणि या सगळ्याआधी एखाद्या पक्षिमित्र मंडळाबरोबर दोन सहली करा. कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर स्कोप असतोच, आणि पक्षी बघणारी माणसं तो दुसऱ्याला दाखवायला उतावीळ असतात. चौघांनी मिळून एक घेतला तरी काही बिघडत नाही. आम्ही अखेर तेच केलं. ६५ चं भिंग, वाकलेला घाट, आणि एक वजनदार जुनी तिवई.

गळ्यातला तो पट्टा मला पुन्हा दिसला नाही. पण नंतरच्या एका एप्रिलमध्ये त्याच फुगवट्यावर, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या एका बेटावर नदीसुरयांची घरटी होती. घरटी कसली, मातीतले उथळ खळगे. अशा उन्हात माणूस जवळ गेला की पक्षी उठतात आणि अंडी उघडी पडून भाजतात. आम्ही काठावरच, दोनशे-अडीचशे मीटरवर तिवई लावली. मादी अंड्यांवर पंख किंचित फुलवून बसली होती. नर मासा घेऊन आला, तिच्या चोचीत दिला आणि उडाला. तिनं आमच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

फोटोसाठी होडी पार थव्यात घालणारे मी पाहिले आहेत, आणि मीही एके काळी पुढे सरकलोच होतो. म्हणून स्कोप विकत घेताना तो पक्षी किती जवळ आणतो, एवढंच विचारू नका. तो आपल्याला किती लांब थांबू देतो, हेही विचारा. त्या हिशेबानं ६५ चं भिंग आणि घट्ट रोवलेली तिवई काही महाग नाही.