आंगठी, म्हैस आणि हळदीचा अंगठा

फाल्गुन-चैत्रात आमच्या वसमत तालुक्यात रात्रीची झोप हळदीच्या हातात असते. शेतात हळद शिजवायचा कुकर लागलेला असतो, एक ड्रम शिजला की दुसरा भरायचा. कांडीत काडी आरपार गेली की शिजली म्हणायचं. शाळा सुटली की मी डबा घेऊन शेतात जाते आणि जाळाच्या उजेडापासून जरा लांब, बल्बखाली बसून सासऱ्यांना पुस्तक वाचून दाखवते. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी स्वतः वाचायचं सोडलंय, मत द्यायचं काही सोडलेलं नाही.

यंदा सुरुवात झाली ती ‘स्वामी मुद्रिकांचा’पासून. टॉल्कीनची इंग्रजी कादंबरी 1954-55 साली आली, मुग्धा कर्णिकांनी केलेला तिचा मराठी अनुवाद साठेक वर्षांनी. लेकीनं हट्टानं आणायला लावली. सुरुवातीला मीच कंटाळले. वंशावळी, डोंगर, नद्या, पुन्हा वंशावळी. मामांना मात्र हॉबिट मंडळी पहिल्या दिवशीच पटली. बागा करणारी, एका सकाळी दोनदा न्याहारी करणारी, गावाची शीव ओलांडायची म्हटलं की पोटात गोळा येणारी. “आपल्याच गावातले दिसतेत,” म्हणाले. मग आंगठीचं सगळं रामायण ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यानं ती इकून कामून टाकली नाई?”

कुकरवरचा गडी हसला, मीही हसले. घरी जाताना मात्र वाटलं, सगळ्या कादंबरीचा प्रश्न म्हाताऱ्यानं एका वाक्यात विचारला. ती आंगठी विकता येत नाही, वापरता येत नाही, भल्या माणसाला देऊन मोकळंही होता येत नाही. बोटात घालावी तेवढं ती माणसाकडून काहीतरी काढून घेते. तिथल्या जादूला सावकाराचं व्याज आहे. म्हणून तर जाडजूड पुस्तक असूनही आम्ही पुढं वाचत राहिलो.

‘मेलुहाचे मृत्युंजय’ वाचताना हेच व्याज मला सापडेना. अमीश त्रिपाठींची ही कादंबरी इंग्रजीत 2010 साली आली आणि तडाखेबंद खपली. वेग आहे, नाकारत नाही. दोन रात्रींत संपवली. तिबेटकडच्या टोळीचा प्रमुख शिव मेलुहात येतो, सोमरस पितो आणि त्याचा गळा निळा होतो. मग जे काही अद्भुत म्हणून येतं, त्याची फोड करून सांगितली जाते. शिवाय माणसं बोलतात ती कंपनीच्या मीटिंगमध्ये बसल्यासारखी. मामा मधेच उठून जाळ सारायला गेले, ते परत आलेच नाहीत.

आमचीही खोड असेल. औंढा नागनाथ आम्हाला जवळ. देवळाच्या पाठीमागं बसून नामदेव कीर्तन करायला लागले आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, ही गोष्ट आम्ही दुधाच्या दातांच्या वयात ऐकलेली. पुरावा म्हणून नंदी मागच्या बाजूला आहे, तो बोट करून दाखवतात. देऊळ कोणत्या यंत्रानं फिरलं, असं मला आजवर एकाही पोरानं विचारलेलं नाही. समोर बसू दिलं नाही म्हणून देवच वळला, एवढं त्यांना पुरतं. खाली वाकून, पायऱ्या उतरून त्या अंधाऱ्या गाभाऱ्यात जाऊन आलेल्या माणसाला निळ्या गळ्याचं रसायनशास्त्र ऐकून काय वाटणार?

अद्भुत म्हणजे पोरासोरांचं आणि वास्तव म्हणजे शहाण्यांचं, ही वाटणी आपल्याकडं फार घट्ट बसलीय. खरं तर मराठी कादंबरी या दोन्ही पायांवर जवळपास एकदमच उभी राहिली. 1857 साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ विधवांचे हाल मांडते, आणि चारच वर्षांनी, 1861 साली, हळबेशास्त्र्यांची ‘मुक्तामाला’ येते, नंतर रिसबुडांची ‘मंजुघोषा’, त्या दोन्ही अद्भुताच्या वाटेनं जाणाऱ्या. याच मराठी कादंबरीच्या वाटचालीवर नरहर कुरुंदकरांनी ‘धार आणि काठ’ हे पुस्तक लिहिलं. कुरुंदकर मूळचे आमच्याच तालुक्यातल्या कुरुंद्याचे, हे सांगितल्याशिवाय वसमतच्या माणसाला राहवत नाही. आणि जी. ए. कुलकर्णींनी ‘रमलखुणा’त ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ लिहिलं, त्याला कोण पोरखेळ म्हणेल?

आता शहाण्यांच्या खात्याकडं. नेमाड्यांची ‘हिंदू’ मी तीनदा सुरू केली, दोनदा सोडली. तिसऱ्यांदा खंडेरावाचं मोरगाव तेवढं मनापासून वाचलं, बाकीचं पानं उलटत. याची मला लाज वाटत नाही. नंदा खरे यांच्या ‘उद्या’नं मात्र झोप उडवली. येऊ घातलेल्या काळाची कादंबरी. माणसांवरची पाळत, कंपन्यांचं राज्य, घटत चाललेल्या मुली. मधेमधे लेखकातला इंजिनिअर हिशेब मांडत बसतो आणि गोष्ट ताटकळते, पण दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी घेताना मी मुली वेगळ्या मोजल्या. तिला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा खऱ्यांनी तो नाकारला होता.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही थांबलो ते कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’पाशी. तिला हाच पुरस्कार 2023 चा. धरणात गाव गेलं, माणसं उचलून दुसरीकडं बसवली, जनावरं मागं राहिली ती रानटी झाली. त्यातली म्हैस परत आणायला देवाप्पा निघतो. बोली कोल्हापूरकडची, काही शब्द मला अडले, मामांना अडले नाहीत. इसापूर धरणानं उठवलेल्या गावांत त्यांचे सोयरे होते. वाचता वाचता मी थांबले, तर म्हणाले, “रानाची चटक लागलेली म्हैस दावणीला येत नसती. वाच पुढं.” हे पुस्तक वास्तववादी म्हणून गणलं जातं, पण त्या रात्री वाफेच्या ढगात, माणूस आणि म्हैस एकमेकांसमोर उभे राहिले तेव्हा मला ते टॉल्कीनच्या कुठल्याही पानाइतकंच अद्भुत वाटलं. दोन-चार ठिकाणी लांबलंय, हे मात्र खरं.

मी पान दाखवायला गेले आणि मामांनी शिजल्या हळदीच्या हातानंच पुस्तक धरलं. वाचनालयात परत करताना मी आधीच कबुली दिली. ग्रंथपालांनी पिवळा अंगठा पाहिला, दंड लावला नाही, रजिस्टरमध्ये “डाग : हळद” असं लिहून घेतलं. प्रत एकच आहे आणि सध्या पुढं तिघांची नावं लागलेली आहेत.