उंबऱ्यापाशी बिबट्या : पाव शतकाचा मागोवा

कुकडी प्रकल्पाची धरणं भरली, कालव्यांना पाणी आलं आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागातली बाजरीची रानं पाहता पाहता उसाखाली गेली. ऊस जवळजवळ वर्षभर उभा. आत गारवा, जवळ पाणी, बांधाला लागून वस्ती आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. बिबट्याला एवढं पुरेसं होतं. माद्या उसातच विऊ लागल्या आणि तिथं जन्मलेल्या पिल्लांना ऊस हेच घर झालं. या शेजाऱ्याकडे गेल्या पंचवीस वर्षांत आपण कसकसं पाहत आलो, ते नीट तपासायला हवं. आपल्या त्या पाहण्यापायीच जीव गेलेत आणि वाचलेतही.

सुरुवात पिंजऱ्यांनी झाली. शेळी गेली की गाव पिंजरा मागायचं, वनखातं तो लावायचं आणि सापडलेला बिबट्या लांबच्या जंगलात सोडून यायचं. जनावर जंगलाचं, ते जंगलात गेलं, असं सगळ्यांनाच वाटे. आकडे वेगळंच सांगत होते. जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. मोठ्या प्रमाणावर धरपकड आणि स्थलांतर सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ही सरासरी १७ वर गेली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन गोष्टींचा संबंध दाखवून दिला. परक्या मुलखात सोडलेला, धरपकडीनं बिथरलेला बिबट्या जास्त धोकादायक ठरत होता. रिकामी झालेली जागाही फार दिवस रिकामी राहत नसे, दुसरा बिबट्या तिथं येई.

मुंबईनं याची मोठी किंमत मोजली. बाहेर पकडलेले बिबटे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही सोडले गेले होते. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत एकामागून एक बळी गेले. त्यात लहान मुलंही होती. त्यानंतर सोडण्याचं धोरण बदलत गेलं. कित्येक बिबट्यांचं उरलेलं आयुष्य जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रातल्या पिंजऱ्यात सरलं.

यानंतरच्या दहा वर्षांत आपली समज खरी वाढली. अकोले तालुक्यात जंगल नसलेल्या शेतीच्या पट्ट्यात कॅमेरे लावले, तेव्हा १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे निघाले आणि जवळजवळ तेवढेच तरस. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता. माणसांवरचे हल्ले मात्र विरळ. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला माग काढणारा गळपट्टा लावून माळशेजला सोडलं, तर तो महिनाभरात चालत थेट मुंबईच्या उद्यानापाशी पोचला. वाटेत महामार्ग, रेल्वेमार्ग, गावं. माणसावर हल्ला एकही नाही. ‘आजोबा’ नावानं तो महाराष्ट्राला माहीत झाला. २०११ च्या अखेरीस घोडबंदर रस्त्यावर गाडीखाली तो गेला.

२०११ पासून मुंबईत वनखात्यानं नागरिकांना बरोबर घेऊन बोलायला सुरुवात केली. बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लागणार नाही. कचरा उचला म्हणजे कुत्री कमी होतील, मुलांना संध्याकाळी एकटं सोडू नका. त्याचा उपयोग झाला. पण २०२१ आणि २०२२ मध्ये आरे वसाहतीत पुन्हा हल्ले झाले, एक चिमुरडीही गेली. हे काम एकदा करून संपणारं नाही.

वारली पाड्यांवर बिबट्यासोबत जगण्याची समज जुनीच आहे. तिथं वाघ-बिबट्यांचा देव असलेल्या वाघोबाला शेंदूर लावतात. अकोले तालुक्याच्या डोंगरी गावांत महादेव कोळी, ठाकर वाघबारस करतात. तीही वसुबारशीच्याच दिवशी. गाय-वासराची पूजा आणि वाघाला साकडं एकाच तिथीला. गुरांचं रक्षण कर, आम्हाला सांभाळ, असं मागणं. यात वाघाचं कौतुक आहे आणि धाकही आहे. दोन्ही एकत्र ठेवणं त्यांना जमलं आहे.

कोल्ह्याच्या वाट्याला ना असा धाक आला, ना पूजा. मुंबईच्या खाडीकाठच्या कांदळवनात तो आजही आहे. एखादा विक्रोळी, चेंबूरच्या वस्तीत शिरला की मोबाइल बाहेर निघतात. २०२४ मध्ये तिथल्या काही कोल्ह्यांना रेबीज झाल्याचं आढळलं, तेव्हा कुठे लोक सावध झाले. माळावरच्या खोकडाकडे तर कोणाचं लक्षच नाही. ते उंदीर, किडे खातं, कोणाचं काही बिघडवत नाही, आणि माळ नांगरले गेले, प्लॉट पडले की मुकाट्यानं नाहीसं होतं. प्राण्याचा त्रास झाला तर आपण त्याच्यावर चिडतो आणि त्रास नसेल तर त्याला विसरतो.

बिबट्याला विसरण्याची सोय नाही. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिल्लं सापडतात. कोयता थांबतो, मुकादम वनखात्याला फोन करतो. पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच फडाच्या कडेला क्रेटमध्ये ठेवतात आणि सगळे लांब जातात. रात्री मादी येते, क्रेट पाडते आणि एकेकाला मानेला धरून घेऊन जाते. विहिरीत पडलेल्या बिबट्याला बसायला हीच माणसं दोराला खाट बांधून खाली सोडतात. या शेतकऱ्याला प्राण्यांचा शत्रू म्हणणं हा अन्याय आहे.

त्याच शेतकऱ्याचा संयम २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुटला. शिरूरच्या पिंपरखेड परिसरात साधारण तीन आठवड्यांत दोन मुलं आणि एक वृद्धा बळी गेली. संतप्त लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. अखेर नेमबाजांनी बिबट्या मारला. रानात वाकून काम करणाऱ्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. वर्ष सरताना माद्यांच्या नसबंदीच्या प्रयोगाला केंद्राची मान्यता मिळाली. त्याचं फळ दिसायला वर्षं लागतील.

शहरातला प्राणिप्रेमी ‘त्याच्या घरात आपण शिरलो’ म्हणतो, गावकरी ‘आधी आमची पोरं वाचवा’ म्हणतो. दोघांच्या भूमिकांत फरक पडतो तो किंमत कोण मोजतो यामुळे. शहरातल्याला बिबट्या पडद्यावर दिसतो आणि गावातल्याला रात्री दोन वाजता, वीज रात्रीच मिळते म्हणून पाण्याची दारं धरायला गेल्यावर. माणूस गेल्यास सरकार २५ लाख रुपये देतं. ते द्यायलाच हवेत, पण त्यानं घर भरून निघत नाही.

काय केल्यानं जीव वाचतात हे पंचवीस वर्षांत स्पष्ट झालं आहे. शेतीला दिवसा वीज, वस्तीवर उजेड, शेळ्यांना वरून जाळी असलेला बंदिस्त गोठा, उघड्या विहिरींना कठडे, उसाच्या कडेला लेकरू एकटं न सोडणं, फडावर राहणाऱ्या तोडणी मजुरांच्या कोप्यांना आडोसा. माणसावर हल्ला करणारा बिबट्या तातडीनं हटवा, पण दिसेल त्याला पकडून भलतीकडे सोडू नका. दिवसा विजेसाठी २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिचे पहिले फीडर बिबट्याच्या पट्ट्यात लागायला हवेत. बिबट्या वाचावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी पहिली मागणी ही करावी. शेतकऱ्याची रात्रपाळी थांबली, तरच त्याच्याकडून सहनशीलतेची अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क आहे.