इंग्रजी यायला हवं, म्हणून माध्यमही इंग्रजीच?

जून उजाडला की जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीत सकाळी उसाच्या फडांलगतच्या रस्त्यांवर पिवळ्या बस दिसू लागतात. गळ्यात टाय बांधलेली पाच-सहा वर्षांची पोरं बसची वाट पाहत उभी असतात. शेजारी बिबट्याच्या धास्तीनं काठी घेतलेला आजोबा किंवा बाप असतो. बस निघते आळेफाट्याकडे, नाहीतर नारायणगावकडे. जिल्हा परिषदेची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असताना ही यातायात का, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं : ‘मराठी शाळंत टाकलं तर पोराला इंग्रजी येणार कसं?’

हा प्रश्न जुन्नर-आंबेगावातच नव्हे, महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात ऐकू येतो. त्यामागची काळजी खरी आहे. इंग्रजीवाचून पुढं अडतं, हे आईबापांनी स्वतः सोसलेलं असतं. चूक आहे ती काळजीतून काढलेल्या निष्कर्षात. इंग्रजी शिकणं आणि इंग्रजीतून सगळं शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण प्रवेशाच्या दिवसांत त्या सर्रास एकच मानल्या जातात.

आधी अगदी प्राथमिक वस्तुस्थिती. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होतं, असं आजही अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. त्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेलं पोरगं आज तिशी ओलांडून स्वतःच्या लेकरासाठी शाळा शोधतंय, आणि मराठी शाळेत इंग्रजी कसं येणार, असं तेच विचारतंय. शिवाय गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारा सेमी-इंग्रजीचा पर्याय कितीतरी मराठी शाळांत आहे.

यावर हमखास दाखला येतो तो विहिरीचा. विहिरीत ढकललं की पोहायला येतंच, तसं इंग्रजीत टाकलं की इंग्रजी येतंच! पण गावात पोहायला शिकवणारा कोणताही बाप पोराच्या पाठीला डबा बांधल्याशिवाय त्याला पाण्यात सोडत नाही. शिकण्याच्या बाबतीत हा डबा म्हणजे घरची भाषा. चिखलाचे कपडे दोरीवर वाळतात, कांदाचाळीत हवा खेळली नाही तर कांदा सडतो, हे या भागातल्या मुलाला ठाऊक असतं. वर्गात बाष्पीभवनाचा धडा सुरू झाला की त्या ठाऊक असण्याला हात घालता येतो. तोच धडा न समजणाऱ्या भाषेत आला तर मूल व्याख्या घोकतं, परीक्षेत लिहितं आणि दोरीवरच्या कपड्यांशी तिचा संबंध त्याला कधीच लागत नाही.

कॅनडातले भाषाशिक्षणाचे संशोधक जिम कमिन्स यांनी ही गोष्ट चार दशकांपूर्वीच मांडली. बोलण्यापुरती भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत त्यांनी फरक केला. स्थलांतरित कुटुंबांतली मुलं साधारण दोन वर्षांत छान बोलू लागतात, पण अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांना आढळलं. हे त्या देशातलं, जिथं शाळेबाहेरही इंग्रजीच कानावर पडतं. पिंपळवंडीतल्या मुलाच्या कानावर शाळा सुटल्यावर इंग्रजी पडतं कुठं? घरात मराठी, बांधावर मराठी, बाजारात मराठी. पुष्कळदा तर इंग्रजी माध्यमाच्या वर्गातही धडा इंग्रजीत वाचायचा आणि अर्थ मराठीत सांगायचा, असाच प्रकार चालतो.

‘पण त्या शाळांतली पोरं हुशार दिसत्यात की!’ दिसतात, आणि सर्वेक्षणांतही खासगी शाळांतली मुलं सहसा पुढे असतात. मात्र तिथं कोणाची मुलं जातात, हेही पाहायला हवं. फी भरू शकणारे, बहुधा स्वतः शिकलेले, शिकवणी लावणारे आईबाप त्यांच्यामागे असतात. तो परिणाम शाळेचा की घराचा, हे नुसत्या तुलनेतून कळत नाही. ते कळण्यासाठी एकसारख्या घरांतली मुलं चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या शाळांत पाठवावी लागतील.

नेमकं तेच आंध्र प्रदेशात झालं आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी १८० गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. ज्यांची चिठ्ठी निघाली त्या मुलांची खासगी शाळेची फी भरली गेली, बाकीची बहुतेक सरकारी शाळेत राहिली. दोन वर्षांनी आणि पुन्हा चार वर्षांनी दोन्ही गटांची परीक्षा घेतली. तेलुगू आणि गणितात फरक शून्य. खासगी शाळेतली मुलं स्पष्टपणे पुढे होती ती हिंदीत, कारण तिथं हिंदीला तास दिले जात होते. आणि ज्या इंग्रजीसाठी हा सगळा आटापिटा, तिच्यात? फरक इतका किरकोळ की तो योगायोग नव्हे, असं ठामपणे म्हणता येईना.

या अभ्यासाचा दुसरा अर्धा भागही सांगितला पाहिजे, नाहीतर तो मराठी शाळांचा प्रचार होईल. त्या खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी होता आणि तेलुगू-गणिताला कमी वेळ देऊनही त्यांनी तेवढंच शिकवलं. म्हणजे खासगी शाळा वाईट, असं त्यातून मुळीच निघत नाही. मात्र इंग्रजी माध्यमात गेलेली मुलं तेलुगू माध्यमाच्या खासगी शाळांत गेलेल्यांपेक्षा मागे पडत असावीत, असा सावध इशारा संशोधकांनी दिला आहे. तो आपल्याकडच्या प्रत्येक बस-थांब्यावर लावावा, इतका महत्त्वाचा आहे.

मग घरच्या भाषेतून किती वर्षं शिकवायचं? आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये कोम भाषिक मुलांना पहिली तीन वर्षं कोममधून शिकवून पाहिलं. तिसरीअखेर ती गणितात पुढे होतीच, इंग्रजीतही पुढे होती. नंतर माध्यम एकदम इंग्रजी केलं आणि पाचवीपर्यंत ही आघाडी विरली. तीन वर्षं पुरत नाहीत, एवढं त्यातून कळतं. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालाने किमान सहा वर्षं घरच्या भाषेतून शिकवण्याचा सल्ला दिला. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या ३७ टक्के मुलांना सर्वांत चांगली समजते त्या भाषेतून शिकायला मिळत नाही, अशी नोंदही त्यात आहे. आपलं २०२० चं शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषा माध्यम असावं, असं म्हणतं.

मराठीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचेही गैरसमज आहेतच. अमुक शास्त्रज्ञ मराठी शाळेत शिकले, तमुक अधिकारी झाले, ही यादी पुरावा म्हणून चालत नाही. त्या काळी गावात दुसरी शाळाच नसे. मातृभाषा आली म्हणजे सगळं सोपं झालं, हेही खरं नाही. मराठीतली त्रेपन्न, एकोणसाठसारखी संख्यानामं मुलांना खरोखर अवघड जातात. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ असं वाचन जोडीला दिलं, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना केवढी टीका सोसावी लागली! मुलांची अडचण काय आहे, याकडे त्या गदारोळात फारच थोड्यांचं लक्ष गेलं.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. तिथल्या ठाकर किंवा महादेव कोळी घरातलं मूल जे बोलतं, ते पुस्तकी मराठी नव्हे. पुस्तकी मराठी हीच त्याच्यासाठी पहिली चढण आहे. आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून अशी मुलं थेट इंग्रजी माध्यमाच्या ‘नामांकित’ निवासी शाळांत जातात, तेव्हा दोन चढणी एकदम चढायच्या असतात, आणि तेही घरापासून दूर. या मुलांच्या निकालाकडे बोट दाखवून त्यांना ‘कच्ची’ म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

पालकांना आणखी एक गोष्ट खटकते : झेडपीचे गुरुजी शाळेत नसतातच. भारतातल्या शिक्षकांच्या गैरहजेरीचा गाजलेला अभ्यास मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांचा. त्यात न सांगता शाळांना भेटी दिल्या होत्या. झारखंडमध्ये ४२ टक्के शिक्षक गैरहजर सापडले. सर्वांत कमी सापडले महाराष्ट्रात, सुमारे १५ टक्के. या गैरहजेरीत रजा, प्रशिक्षण आणि सरकारी कामंही आली. पुण्याच्याच खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा, दत्तात्रय वारे गुरुजींची, २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळवते. मोठी मुलं लहानांना शिकवतात, ही तिथली पद्धत पाहायला लोक येतात. सगळ्या शाळा तशा नाहीत, हे खरंच. म्हणून आपल्या गावच्या शाळेत एकदा जाऊन पाहावं, ऐकीव गोष्टींवर पोराचं वर्ष ठरवू नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘आमचं पोरगं बघून शिकणारं, तमक्याचं ऐकून शिकणारं’ : अशा शैलीनुसार शिकवल्यानं फायदा होतो, याचा भरवशाचा पुरावा २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी शोधला, सापडला नाही. ‘पुन्हा पुन्हा वाचलं की पक्कं होतं’ : पुस्तक मिटून आठवण्यानं जास्त पक्कं होतं, २००६ च्या एका प्रयोगात आठवड्यानंतर हे प्रमाण ५६ विरुद्ध ४२ टक्के होतं. ‘आठवीपर्यंत ढकलपास’ : शिक्षणहक्क कायद्यानं मूल्यमापन कधीच बंद केलं नव्हतं, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आहे, फेरपरीक्षेतही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं.

राहता राहिलं ‘याला गणिताचं डोकंच नाही’. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, त्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा सहभाग होता. अवघड हिशेब ही मुलं तोंडी बिनचूक करत होती, पण तसलंच किंवा सोपं गणित शाळेच्या पद्धतीनं मांडलं की अडत होती. जवळच्या शाळेतल्या मुलांचं उलट : बाजारातला जो हिशेब विक्रेत्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिकांना जमला, तो त्यांच्यातल्या जेमतेम एक टक्क्याला आला. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात बापाबरोबर उभं राहून वीस किलोच्या कॅरेटचा भाव, हमाली आणि गाडीभाडं झटक्यात वजा करणारं पोर दुसऱ्या दिवशी वर्गात वजाबाकीला गप्प बसतं. त्याचा कालचा बाजार फळ्यावर मांडायला गुरुजींना आणि त्या पोराला एक भाषा लागते, आणि ती दोघांनाही येते.